दोन ईएसपी३२ बोर्डांमध्ये राउटरविना संदेश कसा पाठवावा

गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरले आहे हे स्वयंपाकघरात कळावे, एवढ्यासाठी घरच्या राउटरवर विसंबण्याची गरज नाही. ईएसपी३२ ही चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीनेच ईएसपी-नाऊ नावाची पद्धत दिलेली असून, तिच्या साहाय्याने दोन बोर्ड २.४ गिगाहर्ट्झवर थेट एकमेकांशी संपर्क साधतात.

अर्डुइनो आयडीई या कोड लिहून बोर्डात भरण्याच्या प्रोग्रॅममध्ये ईएसपी३२चे पॅकेज घालून बोर्ड संगणकाला जोडावा. पोर्ट दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहावी, कारण काही केबली केवळ चार्जिंगच्या असतात. अपलोड होताना नुसतेच ठिपके उमटत राहिले, तर बोर्डावरचे ‘बूट’ बटण दाबून धरावे.

प्रथम घरातील बोर्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या बोर्डाची स्वतंत्र ओळख, सिरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या आयडीईच्या खिडकीत) छापून घ्यावा. तो वायफाय सुरू होण्यापूर्वी वाचल्यास सगळी शून्ये दिसू शकतात. मिळालेल्या सहा जोड्या कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती त्याच बोर्डाला चिकटवावी. दोन्ही बोर्ड दिसायला सारखेच असल्याने ही चिठ्ठी पुढे फार उपयोगी पडते.

पाठवणाऱ्या बोर्डात वायफाय स्टेशन मोडमध्ये सुरू करून मग ईएसपी-नाऊ सुरू करावे, आणि त्यानंतरच समोरच्याचा पत्ता ‘पीअर’ (जोडीदार) म्हणून नोंदवावा. संदेशाचे स्ट्रक्चर, म्हणजे त्यातील माहितीची मांडणी, दोन्हीकडे अक्षरशः एकच असावे, ते २५० बाइटांच्या आत ठेवावे आणि त्यात स्ट्रिंग ऑब्जेक्ट न घेता ठराविक लांबीचा कॅरेक्टर अ‍ॅरे घ्यावा. घेणाऱ्या बाजूच्या कॉलबॅकमध्ये (संदेश येताच आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आलेली माहिती फक्त कॉपी करून ठेवावी व पडद्यावर दाखवण्याचे काम सतत फिरणाऱ्या लूपमध्ये करावे. पॅकेजच्या ३.० आवृत्तीपासून या कॉलबॅकचा पहिला पॅरामीटर बदलला आहे, त्यामुळे जुना कोड जसाच्या तसा कम्पाइल होत नाही.

सर्वाधिक लक्ष चॅनेलकडे, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ठराविक उपभागाकडे, द्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. घरातील बोर्ड राउटरलाही जोडलेला असेल तर तो राउटरच्या चॅनेलवर जातो, गच्चीवरचा मात्र मूळच्या चॅनेलवरच राहतो, आणि कोडमध्ये एकही चूक नसताना संदेश पोहोचत नाहीत. म्हणून दोन्हीकडे चॅनेल एकच असल्याची खात्री करावी.

पातळी मोजण्यासाठी एचसी-एसआर०४ हा ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर वापरल्यास त्याच्या एको पिनवर ५ व्होल्ट येतात, तर ईएसपी३२चे पिन ३.३ व्होल्टचे आहेत. म्हणून व्होल्टेज उतरवण्यासाठी एको आणि बोर्डाचा पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा, व त्याच पिनापासून ग्राउंडपर्यंत २ किलोओहमचा रोधक लावावा. संदेश पाठवताना विजेची मागणी क्षणभर वाढत असल्याने अशक्त अडॅप्टरवर बोर्ड पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो.

प्रत्येक संदेशात एक वाढता क्रमांकही पाठवावा. बोर्ड गच्चीवर कायमचा बसवण्यापूर्वी तासभर तेथे नुसता ठेवून, स्वयंपाकघरात कोणते क्रमांक गळाले ते पाहावे, आणि त्यानुसारच त्याची जागा ठरवावी.