कूलर करंट मारतो? आधी हिरवी वायर कुठे जाते ते पाहा

एप्रिल लागला की मला नागपुरातल्या मानेवाड्याकडून फोन सुरू होतात, "भाऊ, कूलर करंट मारते." पत्र्याची टाकी, ओल्या ताट्या, ओली फरशी, अनवाणी पाय. पंप बदला, पण त्याने अर्धंच काम होतं.

मेन बोर्डापासून हिरवी वायर, म्हणजे अर्थची, करंट जमिनीत उतरवणारी, धरून खाली या. मागे एका घरी ती प्लास्टरमागेच संपली होती, वीतभर तुकडा नुसता खोचलेला! वर सॉकेटात अर्थच्या पिनेला न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, जोडलेला. फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थमध्ये टेस्ट बल्ब झकास पेटायचा, म्हणून मालक निर्धास्त. पण बाहेर न्यूट्रल तुटला की फेज चालू दिव्या-पंख्यातून फिरून थेट कूलरच्या पत्र्यावर येतो. न्यूट्रल जमिनीला जोडण्याचं काम ट्रान्सफॉर्मरवर झालेलं असतं. घरात ते करू नका.

अर्थिंगचा खड्डा भिंतीपासून दीड मीटर तरी लांब घ्या. त्यात 40 मिमीचा, अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा, भोवती कोळसा-मिठाचे थर, वर पाणी ओतायला फनेल आणि झाकण. मीठ बेतानं, नाहीतर पाइपच खातं. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळून पाइप सोडते, नेमकी कूलर चालू असतानाच. टाकीचं शिळं पाणी फनेलात ओता, फुकटात काम होतं.

पाइपाला वायर पिळून बांधू नका. क्लॅम्प, नट-बोल्ट लावा. तिथून आठ नंबर जाडीच्या दोन जीआय वायर मेन बोर्डाच्या अर्थ पट्टीपर्यंत आणा. कूलरचं लोखंडी स्टँड, लोखंडी नळाचा पाइप त्याच पट्टीला जोडा, म्हणजे एक हात कूलरला, दुसरा नळाला लागला तरी झटका बसत नाही. मेन बोर्डातलं काम मात्र लायसनवाल्या वायरमनकडून, सप्लाय बंद करूनच.

आता हिशेब. खड्ड्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, 5 ओहम आला, तरी 230 व्होल्टला 46 अँपिअरच वाहतात. 32 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) तेवढ्यावर लगेच पडत नाही. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच, हवाच. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. लावल्यावर सारखा पडायला लागला तर वैतागून काढू नका. एकेक सॉकेट उघडा, कुठेतरी जुन्या कारागिराचा न्यूट्रल अर्थला चिकटलेला सापडेल.