जुन्या घराला ऐतिहासिक फलक हवाय? या चुका टाळा

घराण्याचं जुनं घर ऐतिहासिक म्हणून ओळखलं जावं, दारावर तसा फलक लागावा, ही इच्छा अगदी रास्त आहे. पण उत्तम घरांचे अर्जही पुराव्यावाचून अडून राहतात आणि त्याची हळहळ वाटते.

सगळ्यात मोठा घोळ होतो बांधकामाच्या सालात. खरेदीखतावर १८७२ दिसलं की अर्जातही तेच साल पडतं. खत असतं जमिनीचं. घर त्यावर वीस वर्षांनी उभं राहिलेलं असू शकतं, किंवा आधीचं पाडून नवं बांधलेलं. म्हणून मालमत्ता कराच्या जुन्या नोंदी वर्षवार लावून बघा. एखाद्या वर्षी आकारणी एकदम चढली असेल, तर बांधकाम त्याच सुमारास झालं असण्याची शक्यता मोठी. मग जुने नकाशे आणि तारखेचे फोटो यांच्याशी ते ताडून पाहा.

त्यानंतर बॅटरी घेऊन माळ्यावर चढा. तुळईवरच्या करवतीच्या खुणा सरळ आहेत की कमानीसारख्या वळलेल्या? वळलेल्या असतील तर लाकूड गोल करवतीनं कापलेलं आहे. खिळेही बघा. अमेरिकेत १८९० च्या दशकापासून तारेचे गोल खिळे सर्रास वापरात आले. त्याआधीच्या घरांत लोखंडी पट्टीतून कापलेले, चौकोनी छेदाचे खिळे सापडतात. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नका. पाडलेल्या घराचं चांगलं लाकूड लोक नव्या घरात हमखास वापरत, त्यामुळे एक तुळई जुनी म्हणून घर तेवढं जुनं ठरत नाही.

‘आजोबा सांगायचे’ हा शोधाचा दुवा आहे, पुरावा नाही. कोणी सांगितलं, त्यांनी कुणाकडून ऐकलं, हे लिहून ठेवा आणि जनगणना, जुनी वर्तमानपत्रं, पत्रव्यवहार चाळा. आधार मिळाला नाही तर ती आठवण खोडू नका. ‘कुटुंबातील आठवणीनुसार’ असं स्पष्ट लिहा. तपासणाऱ्याचा विश्वास अशानं वाढतो.

घर जुनं आहे, एवढं पुरेल असं समजू नका. अमेरिकेच्या नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत, सहसा ५० वर्षांची अट असते, पण त्याबरोबर एखादी घटना, व्यक्ती किंवा वास्तुशैली यांच्याशी असलेलं नातं दाखवावं लागतं आणि मूळ रूप बरंचसं टिकलेलं लागतं. लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर निळे फलक लावतात; त्यांसाठी त्या नामवंत व्यक्तीच्या मृत्यूला किमान २० वर्षं झालेली असावी लागतात. आपल्याकडची योजना काय मागते, ते आधी वाचा.

आणि कृपा करून, अर्जाआधी घर ‘चकाचक’ करू नका. वाळूचा मारा करून विटा घासल्या की भट्टीत तयार झालेला त्यांचा टणक पृष्ठभाग निघून जातो. विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरलं की ओल आत अडकते आणि मऊ विटांचे पापुद्रे सुटतात. मूळ खिडक्या काढून टाकल्या की त्या गेल्याच! काम टाळता येत नसेल तर आधी चारही बाजूंचे, आतले, बारकाव्यांचे फोटो काढा.

घर वारसांच्या सामाईक मालकीचं असेल तर सगळ्यांची लेखी संमती सुरुवातीलाच घ्या.

फलक म्हणजे कायद्याचं संरक्षण, हाही गैरसमजच. लंडनमध्ये पहिला फलक १८६७ साली कवी बायरनच्या जन्मस्थानी लागला आणि ते घर १८८९ मध्ये पाडलं गेलं. संरक्षण हवं असेल तर त्याची वेगळी प्रक्रिया विचारा. त्यासोबत दुरुस्तीवर कोणती बंधनं येतील, तेही विचारा.

शेवटी फलकाचा मजकूर. धातूत ओतलेलं अक्षर बदलता येत नाही. नावांची वर्णाक्षरं आणि सालं मूळ कागदांशी पुन्हा जुळवा आणि घराबाहेरच्या एका माणसाकडून कच्चा मजकूर वाचून घ्या. घरच्यांना सवयीनं जे कळतं ते त्याला कळलं नाही, तर ते वाक्य बदला.