टियागो की कॉमेट? सब-मीटर लावा आणि बघा

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचा पॉइंट काढायला गेलो की गिऱ्हाईक चहा सांगतं आणि हमखास विचारतं, "मामा, टाटाची टियागो घेऊ का एमजीची कॉमेट? लवकर कुठली भरते, लांब कुठली जाते?" मी वायरमन. गाड्या विकत नाही, म्हणून माझं उत्तर सब-मीटरवरून, म्हणजे नुसत्या चार्जिंगचे युनिट मोजणाऱ्या वेगळ्या छोट्या मीटरवरून निघतं. तसं ते तुम्हालाही काढता येईल.

आधी कंपनीचा कागद. टियागो ईव्ही २०२२ साली आली तेव्हा तिच्या २४ युनिटच्या मोठ्या बॅटरीला ३१५ किलोमीटर सांगितले होते. २०२३ च्या कॉमेटला १७.३ युनिटवर २३०. युनिट म्हणजे लाइट बिलातलंच. आता भागाकार करा. दोन्हीकडे युनिटला तेराच्या आसपास येतात! म्हणजे कागदावरच्या रेंजवरून बॅटरी केवढी तेवढं कळतं, गाडी किती काटकसरी ते नाही. आणि ते तेरा किलोमीटर सोलापूरच्या मे महिन्यात, एसी लावून, चौघं बसवून मिळतील ही आशा सोडा.

खरा आकडा काढायचा तर पेट्रोलवाल्यांची जुनी पद्धतच बरी, टाकी फुल ते टाकी फुल. चार्जिंगच्या लाइनवर सब-मीटर बसवा. गाडी शंभर टक्के भरा, तुळजापूरला जाऊन या, पुन्हा शंभर टक्के भरा आणि किती युनिट गेले ते बघा. तुळजापूरच का? जाताना घाट चढायचा, येताना उतरायचा, त्यामुळे उताराला बॅटरीत किती परत येतं तेही हिशोबात धरलं जातं. डॅशबोर्डवरच्या टक्क्यांवर विसंबू नका. या गाड्यांच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, म्हणून तिथली टक्केवारी अंदाजाचीच. चार्ज होताना वाया जाणारी वीजही मीटरमध्ये येते, आणि बिल तर त्याचंच भरायचं आहे. दुसऱ्या गाडीला तोच रस्ता, तीच माणसं, तोच एसी, टायरमध्ये कंपनीनं सांगितलेली हवा. दुपारी एक आणि पहाटे दुसरी, असं करू नका. ओळखीत कुणाकडे गाडी असेल तर मागून घ्या, शोरूमच्या चौकातल्या फेरीत यातलं काही कळत नाही.

समजा टियागोला मीटरच्या युनिटमागे साडेसात किलोमीटर पडले आणि हलक्या कॉमेटला नऊ. आता चार्जिंगचा वेग. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर दोन्ही गाड्या जवळपास सारखीच वीज ओढतात, तासाला तीन युनिटच्या आतबाहेर. कॉमेट "लवकर भरते" ती बॅटरी लहान म्हणून. त्यामुळे "फुल व्हायला किती तास" असं विचारू नका, "तासाला किती किलोमीटर" असं विचारा. रात्री दहाला लावून सकाळी सहाला काढली, तासाला २.९ युनिट धरले, तर टियागोत १७४ किलोमीटर पडतात. कॉमेट सात तासांत भरून थांबते, तिचे होतात साधारण १८०. जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी अशी रोजची ये-जा असेल तर चार्जिंगच्या बाबतीत या दोघींत फरक काही नाही.

व्होल्टेज मात्र तपासा. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर-एसी चालू असतात, तेव्हा काही गल्ल्यांत २३० चे २०५ होतात. गाडी तेरा अँपिअरच घेत राहते, म्हणजे ३ किलोवॉटचे (तासाला ३ युनिट) झाले २.७. रात्री अकरानंतर लावा, फरक मीटरवर दिसेल.

पुण्याला जायचं म्हटलं की चित्र पालटतं. हायवेच्या डीसी फास्ट चार्जरवर (थेट बॅटरीला वीज देणारा मोठा चार्जर) टियागो लागते, कॉमेटला ती सोयच नाही. टियागोलाही १० ते ८० टक्क्यांना कंपनी सुमारे ५८ मिनिटं सांगते. म्हणजे तासात १७ युनिट. चार्जरवर ६० किलोवॉट लिहिलेलं बघून हरखू नका, गाडी तिच्या मापानंच घेणार. शंभरनं पळवली तर हवेचा रोध ऐंशीच्या दीडपट होतो, तेव्हा अडीचशे किलोमीटरच्या या रस्त्याला ऐंशी धरा आणि टेंभुर्णी-इंदापूरच्या पट्ट्यातच थांबा. पहिला चार्जर बंद निघाला तर पुढच्यापर्यंत जाण्याइतकी बॅटरी उरली पाहिजे. जेवण तिथंच उरकावं.

घरी ७ किलोवॉटचा चार्जर लावता येणारी मॉडेलंही दोन्हींत मिळतात, कॉमेटला ती २०२४ मध्ये आली. वेळ निम्म्याहून कमी लागतो, पण करंट तीस अँपिअरच्या वर जातो. जुन्या घरांत मंजूर भार दोन-तीन किलोवॉटच असतो; बिलावर छापलेला असतो, तो आधी वाचा आणि वाढवून घ्या. साध्या प्लगलाही मीटरपासून वेगळी चार एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की तुटणारा स्विच), आरसीसीबी (शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग हवंच. अर्थिंग खराब असलं तर गाडी चार्जच घेत नाही, आणि लोक शोरूमला फोन लावत बसतात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, मग फोन लावा.