साइटवर यंत्र लावण्याआधी: काय झिजतंय ते मोजलंत का?

मागच्या खेपेला साठ यंत्रं लावली होती. एक बोर्ड, त्यावर मायक्रोकंट्रोलर, दोन सेन्सर, एक मोडेम, आणि हे सगळं खोक्यात बंद करून माणूस सहसा फिरकत नाही अशा जागी. टेबलावर तीन आठवडे चालवून पाहिली, भट्टीत तापवून पाहिली, सगळं पास. दोन वर्षं कुणाचा फोन नाही, त्यामुळे मी जरा हवेतच होतो. पंचविसाव्या महिन्यात पहिला फोन आला आणि अठ्ठाविसावा संपेपर्यंत एकोणीस यंत्रं गेली. उरलेली एक्केचाळीस ठणठणीत नव्हती. त्यांच्याकडची वीज अजून गेली नव्हती, एवढंच. आता पुढची बॅच निघते आहे, म्हणून ही यादी. माझ्यासाठीच लिहितोय, पण कुणाच्या उपयोगी पडली तर बरंच.

सुरुवात कागदापासून. ‘यंत्र विश्वासार्ह हवं’ असं लिहून आलं तर तो कागद परत पाठवा. किती वर्षं चालायला हवं, कुठल्या तापमानात, बंद पडलं तर किती तासांत सुरू व्हायला हवं आणि ते सुरू करणारा माणूस कोण, हे चार आकडे-नावं लिहून घ्या. ९९.९ टक्के उपलब्धता ऐकायला भारी वाटते. वर्षाला पावणेनऊ तास बंद चालेल असा तिचा अर्थ. साइटवर पोचायलाच एक दिवस लागत असेल तर एका बिघाडात ते वर्ष संपलं.

मग एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. एक लाख तास म्हणजे यंत्र अकरा वर्षं चालेल असं समजणारे अजून भेटतात. तसं नाही. साठ यंत्रं वर्षभर चालली की ५,२५,६०० तास होतात, म्हणजे वर्षाला पाचेक बिघाड धरायचे आणि तेवढी जादा यंत्रं कपाटात ठेवायची. या आकड्याचा उपयोग एवढाच. आणि तो अधूनमधून, कुठेही, कधीही होणाऱ्या बिघाडांचा असतो. झीज त्यात धरलेली नसते. मी मागच्या वेळी याच आकड्यावर विसंबून तोंडघशी पडलो, कारण झिजेने मरणारी यंत्रं एकेकटी मरत नाहीत. एकाच दिवशी सुरू केलेली असतील तर रांगेत उभी राहून मरतात.

फ्यूज, उलट्या जोडणीपासून संरक्षण, सर्जसाठी एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा पार्ट), खोक्याचं रबर, बोर्डावरचा लेप: हे तुम्ही करणारच, त्यावर शब्द घालवत नाही.

आता मुख्य गोष्ट. एक कोरा तक्ता घ्या, बोर्डावरचा प्रत्येक पार्ट एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर विचारा: वापराने यात काय झिजतं, काय भरत जातं, काय संपतं? रेझिस्टरसमोर रेघ मारा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरसमोर थांबा. त्याचं आयुष्य १०५ अंशांवर २,००० तास लिहिलेलं असतं, म्हणजे जेमतेम ८३ दिवस. तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, या हिशेबाने ६५ अंशांवर ३२,००० तास, साडेतीन-पावणेचार वर्षं. दहा वर्षं हवी असतील तर हा पार्ट चालणार नाही, किंवा तो गरम रेग्युलेटरच्या कुशीत बसवायचा नाही. रिलेसमोरही (विजेने चालणारा स्विच) थांबा. पूर्ण लोडवर एक लाख वेळा असं साधारण डेटाशीटमध्ये असतं. दर पाच मिनिटांनी चालू करत असाल तर वर्ष पुरं व्हायच्या आत संपला. घड्याळाची बॅटरी, पंख्याचं बेअरिंग, सारखा काढ-घाल होणारा कनेक्टर, सगळे या तक्त्यात.

आणि फ्लॅश. फ्लॅश. वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी. मागच्या वेळी माझ्या तक्त्यात फ्लॅश नव्हती, कारण तक्ताच नव्हता. फ्लॅशमध्ये हलणारं काही दिसत नाही म्हणून ती झिजते हे डोक्यात येत नाही. शिकलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलंही असतं, तरी येत नाही.

नेमकं काय झालं ते सांगतो. वीज गेली तरी एकूण मोजणी आणि सेटिंग टिकावं म्हणून मी दर दहा मिनिटांनी ३२ बाइट फ्लॅशमध्ये लिहीत होतो. जागा ठरलेली, एकच ४,०९६ बाइटचा सेक्टर, म्हणजे एकदम पुसला जाणारा कप्पा. या प्रकारच्या, म्हणजे नॉर फ्लॅशमध्ये लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही, आधी सगळा सेक्टर पुसावा लागतो. म्हणजे ३२ बाइटसाठी दर दहा मिनिटांनी ४,०९६ बाइट पुसले जात होते. दिवसाला १४४ वेळा. चिपची हमी एक लाख वेळांची. भागाकार करा: ६९४ दिवस. एक वर्ष अकरा महिने. चिप हमीपेक्षा थोडी जास्त ओढतात, म्हणून पंचविसावा महिना उजाडला. हा भागाकार सहावीतल्या मुलाला येतो. मी तो केला तो विसाव्या महिन्यात नाही, दुसऱ्या नाही, एकोणिसावं यंत्र परत आल्यावर.

वर कडी म्हणजे बिघाड दिसत नव्हता. चालू यंत्रात सगळं रॅममध्ये असतं, सेक्टर पुसला गेला नाही तरी आकडे बरोबर दिसतात. वीज जाते, परत येते, यंत्र फ्लॅशमधून वाचायला जातं आणि कचरा हाती लागतो. लिहिल्यावर परत वाचून ताडून पाहायचा एवढासा कोड असता तरी महिनाभर आधी कळलं असतं.

दुरुस्ती तर लाज आणेल इतकी सोपी. पुसलेल्या सेक्टरमध्ये ३२ बाइटचे १२८ तुकडे मावतात. तेव्हा पुसायचं नाही. एकापुढे एक लिहीत जायचं, वाचताना शेवटचा वैध तुकडा घ्यायचा, सेक्टर भरला की शेजारच्यात जायचं आणि तिथलं लिहून झाल्याशिवाय जुना पुसायचा नाही. तीच चिप, तेच दर दहा मिनिटं, आणि ६९४ दिवसांचे निव्वळ एका सेक्टरवरही २४० वर्षांहून जास्त होतात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक आणि सीआरसी (डेटा बिघडलाय का ते ताडायचा आकडा) द्या, नाहीतर अर्धवट लिहिलेला तुकडा खरा समजून घ्याल.

मी एकटाच शहाणा नाही याचं थोडं समाधान आहे. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्स गाड्यांच्या पडद्यामागे ८ जीबीची ईएमएमसी (तीही फ्लॅशच) होती, तीही लिहून लिहून झिजली. पडदा गेला की मागचा कॅमेराही गेला, आणि २०२१ मध्ये सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा लिनक्सचं बोर्ड वापरणाऱ्यांनी ‘आमच्याकडे वेअर लेव्हलिंग आहे’ म्हणून निवांत बसू नये. झीज वाटली जाते, नाहीशी होत नाही. लॉग कुठे लिहिला जातोय, दिवसाला किती एमबी, ते मोजा. अंदाज नको, मोजा.

झिजणाऱ्यानंतर भरणारे. यात कोडमधले काउंटर येतात. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. सेकंदाचे शंभरावे भाग मोजणारा, चिन्हासह (एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी) असेल तर २४८ दिवसांनी भरतो, आणि बोइंग ७८७ च्या जनरेटर नियंत्रकात तेच निघाल्यावर २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाला ठरावीक मुदतीत वीज बंद-चालू करण्याचा आदेश काढावा लागला. एचपीई कंपनीच्या काही एसएसडी डिस्क ३२,७६८ तास भरले की कायमच्या बंद पडत, हे २०१९ मध्ये जाहीर झालं. १६ बिट, चिन्हासह, हिशेब उघड आहे. पण त्यात खरी मेख वेगळी: एका सर्व्हरमध्ये एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या डिस्क एकत्र जाणार, मग रेड (एक डिस्क गेली तरी डेटा दुसरीवर राहावा अशी जोडणी) काय करणार? जोडीला ठेवलेला दुसरा पार्ट त्याच बॅचचा, तेवढाच वापरलेला असेल तर झिजेपुढे तो जोडीदार नाहीच.

संपणारे: टीएलएस (सुरक्षित जोडणीच्या) प्रमाणपत्रांची मुदत, सिमचा प्लॅन, डोमेनचं नाव, १९ जानेवारी २०३८ नंतरचं ३२ बिटचं युनिक्स घड्याळ. तारखा एका जागी लिहा आणि त्या दोन माणसांच्या कॅलेंडरमध्ये टाका. एकाच्या नको, तो नोकरी सोडतो.

भरण्याबद्दल एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. स्पिरिट रोव्हर जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरला आणि तीन आठवड्यांच्या आत गप्प झाला. फ्लॅशमध्ये फाइली साचल्या होत्या, त्यांची यादी उघडायला रॅम पुरेना, म्हणून तो उठायचा, अडखळायचा, परत रीसेट. वाचला कशाने? फ्लॅशला हात न लावता सुरू होण्याची सोय आधीच करून ठेवली होती म्हणून. तुमच्या यंत्रातही ती ठेवा. फ्लॅश कचरा असली तरी मूळ सेटिंगवर उठेल, मोडेम चालू करेल आणि ‘माझी फ्लॅश गेली’ एवढं तरी कळवेल. माझी एकोणीस यंत्रं हे एक वाक्य बोलू शकली असती तर मला एकोणीस फेऱ्या पडल्या नसत्या. फर्मवेअर (यंत्रातला कोड) इथून बदललं असतं आणि दुसरा सेक्टर वापरला असता.

फर्मवेअर अपडेटसाठी दोन प्रतींची जागा ठेवा, नवी उठली नाही तर जुनीवर आपोआप परत. वॉचडॉग म्हणजे कोडकडून वेळेवर खूण (त्याचा खाऊ) मिळाली नाही तर यंत्र रीसेट करणारं सर्किट. त्याला टायमरच्या इंटरप्टमधून खाऊ घालू नका. मुख्य काम अडकलं तरी टायमर चालूच राहतो आणि कुत्रा पोट भरून झोपतो. मुख्य लूपमधून, आणि सगळी कामं वळसा पूर्ण करून आली असतील तरच.

चाचणी. तीन आठवडे टेबलावर चालवून दोन वर्षांची झीज दिसत नाही, कितीही भट्टीत घाला. वेळ दाबा: दहा मिनिटांच्या जागी अर्धा सेकंद करा, एक लाख पुसण्या पुसण्याच्या वेळेसह एखाद दिवसात उरकतात. एक चिप मुद्दाम मारा. मेल्यावर यंत्र काय करतं ते पाहायचंय, तोच तर प्रयोग. काउंटर भरायच्या पाच मिनिटं अलीकडून सुरू करा. पुरवठ्यात रिले घालून नेमकी लिहिताना वीज तोडा, रात्रभरात हजार वेळा. मला सातव्याच तासाला अर्धवट तुकडा सापडला.

देखभालीचं. खोकं उघडायला एकाच मापाचे स्क्रू, आणि ते सुटून पडणारे नकोत. दोन कनेक्टर सारखे दिसत असतील तर ते उलटे लागणार, तेव्हा पिनांची संख्या वेगळी घ्या. केबल बोर्ड बाहेर काढून फिरवता येईल इतकी ढिली. मागच्या यंत्रात बॅटरी बदलायला मोडेम काढावा लागत होता आणि अँटेनाचा तो इवलासा कनेक्टर दर वेळी थोडा सैल होत होता. म्हणजे एक झीज भरून काढताना दुसरी करत होतो. हातमोजे घालून, एका हातात टॉर्च धरून, ज्याने हे यंत्र कधी पाहिलं नाही अशा माणसाला उघडायला लावा आणि तुम्ही तोंड बंद ठेवा. कठीण जातं, पण ठेवा. बोर्डावर आवृत्ती छापलेली हवी, फर्मवेअरने ती स्वतः कळवायला हवी, आणि कुठल्या साइटवर कुठली जोडी आहे ते एका तक्त्यात. एकोणीस यंत्रांपैकी चारांत वेगळी फ्लॅश चिप होती हे मला ती उघडल्यावर समजलं.

त्यावरून खरेदी. पार्ट बंद होणार असल्याची सूचना कुणाच्या मेलवर येते ते पाहा. पर्यायी पार्ट आधीच पास करून ठेवा, आणि फ्लॅशचा पर्याय असेल तर ‘पिना जुळतात’ एवढ्यावर सही करू नका. किती वेळा पुसता येते? सेक्टर केवढा? डेटा किती वर्षं टिकतो, कुठल्या तापमानाला? पुन्हा भागाकार.

लावताना: फोटो, सिरीयल नंबर, तारीख, सिग्नल किती. सिलिका जेल. झाकण बंद केल्यावर एकदा वीज काढून घाला. माझ्यासारखं ‘चालू आहे ना, मग झालं’ करू नका.

हस्तांतर: पासवर्ड, सर्किट, कोड, बिल्ड करायची कृती दुसऱ्याच्या मशिनवर चालवून. झिजेचा तक्ता सोबत. बाकी नेहमीचं.

आणि फ्लॅशच्या पुसण्या मोजणारा काउंटर रोजच्या अहवालात. चाचणीचं यंत्र सहा आठवडे टेबलावर आहे, दर दहा मिनिटांनी लिहितंय. आज सकाळचा आकडा: एका सेक्टरला २४, दुसऱ्याला २३.