पेटीतला जुना परकर, लुगडं, पोलकं नेमकं किती जुनं? घरच्या घरी कसं ओळखायचं

आमच्याकडं अंबाजोगाईच्या बाजूला प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी असतेच आणि त्यात एक तरी कापड असं असतंय की त्याच्याबद्दल सगळे म्हणतात, निजामाच्या काळातलं आहे, शंभर वर्षाचं आहे. आमच्या आजोळी जरीकाठाचा एक परकर-पोलकं होतं, त्याच्याबद्दल पण हेच ऐकत मोठी झाले. मागच्या दिवाळीत मावशीसोबत बसून ते नीट तपासलं तेव्हा लक्षात आलं की आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. कापडाचं वय वेगळं, शिलाईचं वय वेगळं आणि नंतरच्या दुरुस्तीचं वय अजून वेगळं. आपल्याकडं लुगडं फाटलं की त्याचे काठ काढून मुलींना परकर शिवायची पद्धत होती, त्यामुळं हे तिन्ही वेगवेगळं काढल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आधी उलटं करा. खरंच, कपडा सरळ बाजूनं बघून काहीच कळत नाही, सगळी माहिती आतल्या शिवणीत असते. टाके सगळे हातचे आहेत का मशीनचे, कडा तशाच सोडल्यात, दुमडून तुरपाई केलीय का ओव्हरलॉक मारलंय ते बघा. नुसती हातशिलाई दिसली म्हणून लगेच लई जुनं समजू नका, खेड्यात मशीन आल्यावरही बाया कितीतरी वर्षं हातानंच शिवत होत्या. पण उलटं मात्र पक्कं असतंय, म्हणजे जी वस्तू त्या काळात नव्हतीच ती कपड्यात मूळ शिलाईसोबत असेल तर कपडा त्याच्या आधी शिवलेला असूच शकत नाही. टिच बटणाचं पेटंट जर्मनीत 1885 चं आहे, बायकांच्या कपड्यात चेन 1930 नंतर रुळली, नायलॉन बाजारात आलं 1940 च्या आसपास, आणि टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापड, आपल्याकडं घरोघरी दिसायला लागलं ते साठ-सत्तरच्या दशकात.

आता इथं एक गोष्ट लोक हमखास विसरतात. बटण, चेन, नेफा हे नंतर पण बदललेलं असू शकतं. म्हणून त्या जागेजवळ जुन्या सुईची रिकामी छिद्रं दिसतात का ते उजेडाकडं धरून बघायचं, मोबाईलचा कॅमेरा झूम केला तरी दिसतात. छिद्रं दोन रांगांत असतील तर तिथं एकदा उसवून परत शिवलंय. आमच्या परकराचा नेफा टेरिकॉटचा निघाला आणि छिद्रांची एकच रांग, म्हणजे नेफा मूळचाच. शंभर वर्षाची गोष्ट तिथंच संपली, मावशीला जरा वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण कापड अजून बघायचं राहिलं होतं.

कापडात जर, म्हणजे जरीची तार, सगळ्यात जास्त बोलते. असली जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. ती वजनाला जड लागते आणि जुनी झाली की काळवंडते. तांब्याची असेल तर घासल्या जागी लालसर दिसते, हिरवटही पडते. प्लास्टिकची जर भिंगातून चकचकीत पट्टीसारखी दिसते, ती अलीकडची. शिवणीच्या आतून सुटलेला एखादाच दोरा मिळाला तर जाळून बघता येतो, रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, सुती दोरा कागदासारखा जळतो, नायलॉन वितळून टणक मणी होतो. पण पदरातला, काठातला दोरा कधीही ओढू नका, हात जोडून सांगते. शंका असेल तर ओळखीच्या सोनाराला किंवा पैठणच्या विणकरांना दाखवा.

पैठणीचे काठ असतील तर उलटी बाजू बघा, हातमागावरच्या खऱ्या पैठणीची नक्षी दोन्हीकडून जवळजवळ सारखीच दिसते, मागं लोंबणारे दोरे नसतात. यावरून वय कळत नाही पण हातमाग का मशीन ते कळतंय. रंगावर फार जाऊ नका. रासायनिक रंगांची सुरुवात 1856 ची आहे, त्यामुळं भडक राणी कलर दिसला तर कापड त्याच्या नंतरचं एवढंच म्हणता येतं. मूळ रंग बघायचा असेल तर दाबाच्या, म्हणजे शिवणीत दुमडलेल्या कापडाच्या, आत बघा, तिथं ऊन लागलेलं नसतंय.

आणि पेटीतला कागद! कपड्यासोबत पावती, चिठ्ठी, पिशवी काही असेल तर फेकू नका, आपल्या मराठवाड्यात तर कागदावरून साल काढणं लई सोपं आहे. उर्दूत लिहिलेलं आणि फसली सन, म्हणजे निजामाच्या राज्यातलं सरकारी साल, असेल तर त्यात 590 मिळवा. शके असेल तर 78 मिळवा, मारवाडी दुकानाचं संवत असेल तर 57 वजा करा, एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. किंमत आण्यात असेल तर बहुतेक 1957 च्या आधीचं, नये पैसे लिहिलं असेल तर 1957 ते 64 च्या आसपासचं. पत्त्यात हैदराबाद राज्य असेल तर 1956 पर्यंतचं, मुंबई राज्य असेल तर 56 ते 60. जालना, जि. औरंगाबाद छापलं असेल तर 1981 च्या आधीचं, लातूर, जि. उस्मानाबाद असेल तर 1982 च्या आधीचं धरा, फक्त जुने छापील कागद दुकानदार पुढं काही वर्षं वापरतात हे लक्षात ठेवा. पिनकोड असेल तर 1972 नंतरचंच.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, साल कुणालाच आठवत नाही. असं विचारा, रझाकाराच्या आधी का नंतर? बहात्तरच्या दुष्काळात हे होतं का? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी ही पेटी कुठं होती? मावशीला असं विचारलं तर पटकन म्हणाली, दुष्काळ संपला त्याच्या दुसऱ्या साली मामाचं लग्न झालं, तेव्हा मी हे घातलं होतं, दुसरीत होते. टेरिकॉटच्या नेफ्याशी बरोबर जुळलं.

राहिले काठ. असली जर, सुती अंगावर रेशमी काठ, आणि पेटीच्या तळाशी उर्दूतली एक चिठ्ठी, ती गावातल्या निजामाच्या शाळेत शिकलेल्या आजोबांनी वाचून दिली, लुगडं, रंग हिरवा, फसली 1341. म्हणजे 1931-32. चिठ्ठी ह्याच लुगड्याची असेल असं शंभर टक्के म्हणता येत नाही, पण दाबातला रंग हिरवाच निघाला. आम्ही मलमलच्या फडक्यात परकर गुंडाळला, डांबरगोळी काढून टाकली, आणि आत कागद ठेवला: काठ अंदाजे 1931, शिलाई 1974, घातलं मावशीनं.