अडलेल्या पानापासून वाचनाकडे: नोकरी सांभाळून मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात नोकरी करता करता कथा, कादंबरी किंवा आत्मकथन लिहू पाहणारी पुष्कळ माणसे मला भेटतात आणि त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘आधी काय काय वाचून घेऊ?’ असा असतो. या प्रश्नातले ‘आधी’ मला खटकते. पन्नास पुस्तकांची यादी देणे अवघड नाही. पण ती हाती पडली की वाचन संपेपर्यंत लिहायचे नाही अशी सोयीची पळवाट मिळते आणि वर्षे निघून जातात. म्हणून माझा सल्ला उलट क्रमाचा आहे. प्रथम स्वतःची चार-पाच पाने लिहावीत, ती कितीही कच्ची असोत. मग ती नेमकी कुठे अडली हे ओळखावे आणि त्या अडचणीवर ज्या लेखकाने आपल्या पद्धतीने मार्ग काढला आहे त्याचे पुस्तक उघडावे. पुढच्या शिफारशी याच रीतीने, म्हणजे अडचणींच्या अंगाने, केल्या आहेत.

संवाद कागदी वाटत असतील तर

नवशिक्या लेखनात सर्वाधिक आढळणारी अडचण ही आहे. पात्रे एकमेकांच्या प्रश्नांची नीट, पूर्ण वाक्यांत उत्तरे देतात आणि त्यामुळे ती मुलाखत देत असल्यासारखी वाटतात. अशा वेळी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचावी. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो आणि दुष्काळात ती वाडी ओस पडेपर्यंतचे सारे त्याच्याच नजरेतून आपल्याला दिसते. पुस्तक लहान आहे, दोन-तीन दिवसांत सहज होते. पहिल्या वाचनात गोष्ट वाचावी. दुसऱ्या वाचनात फक्त बोलणे पाहावे: कोण किती शब्द बोलतो, कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, माणूस बोलता बोलता हाताने काय करत असतो आणि लेखक बोलण्याचा अर्थ समजावून सांगायला मध्ये येतो की नाही.

त्यानंतर पुस्तक मिटून तुर्भ्याच्या बाजार समितीत कांदा-बटाटा मार्केटमध्ये सकाळी तासभर घालवावा. सातारा-सांगलीकडून आलेले माथाडी, नाशिककडच्या गाड्यांचे चालक, गाळ्यावरचे गुजराती व्यापारी आणि आसपासच्या गावांतील आगरी माणसे तिथे एकाच वेळी बोलत असतात, आणि प्रत्येकाचे मराठी निराळे असते. गाडी रिकामी होत असताना एकाने विचारावे, ‘किती ऱ्हायल्या रं?’ आणि दुसऱ्याने गोणी पाठीवर घेत म्हणावे, ‘च्या सांगितला का?’ इतकेच. गोण्या किती राहिल्या हे पहिल्याला कळलेले असते, दमलेला कोण आहे हे ऐकणाऱ्याला कळलेले असते, आणि यांपैकी कुणीही ते शब्दांत सांगितलेले नसते. असे बोलणे घरी येऊन आठवेल तसे उतरवून काढावे. ध्वनिमुद्रण करू नये. ध्वनिमुद्रणात सगळेच येते, आणि काय गाळायचे हे ठरवण्याचा सराव, जो लेखकाचा खरा सराव आहे, तो राहून जातो. शिवाय कुणाच्या नकळत त्याचे बोलणे टिपणे सभ्यपणाचेही नाही.

बोलीचा वापर किती करावा, हा याला जोडूनच येणारा प्रश्न आहे. नवी मुंबई वसवण्यासाठी जमिनी गेल्या त्या ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांतील आगरी-कोळी समाजाची बोली घणसोली, दिवाळे, करंजाडे अशा गावांत आजही कानी पडते. ती आपली नसेल तर केवळ रंगत आणण्यासाठी तिचे दोन शब्द पेरू नयेत. ती बोलणारा वाचक पहिल्याच ओळीत ओळखतो. ती आपल्या घरची असेल तर मात्र संकोच सोडून पूर्ण लिहावी आणि अर्थाच्या तळटिपा देण्याचा मोह टाळावा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली; त्यानंतरच्या अर्ध्या शतकात खाडीकाठच्या या गावांचे जे झाले ते आतल्या माणसाने लिहिलेल्या कथेत-कादंबरीत फार थोडे आले आहे, आणि संपादकही अशा लेखनाची वाट पाहत असतात.

स्वतःविषयी लिहिताना ‘मी’ आड येत असेल तर

आत्मकथन लिहिणाऱ्याला दोन गोष्टी छळतात: स्वतःची कीव आणि स्वतःची आरती. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) यासाठी वाचावे. त्यात पवारांनी स्वतःचे दोन भाग केले आहेत. शिकून शहरात स्थिरावलेल्या दया पवारांना दगडू मारुती पवार, म्हणजे त्यांचेच गावाकडचे नाव धारण करणारा माणूस, आपली कहाणी सांगतो. या मांडणीमुळे सांगणाऱ्यावर ऐकणाऱ्याची नजर राहते आणि दुःखाला वेगळा चढा सूर लावावा लागत नाही. ही युक्ती जशीच्या तशी उचलायची नाही. पण आपल्या आत्मकथनात सांगणारा कोण आणि तो कोणाला सांगतो आहे, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रकरणाआधी आपल्याजवळ असले पाहिजे, हे या पुस्तकावरून कळते.

त्याच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवावीत. पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा लक्ष्मीबाईंनी पासष्टी ओलांडली होती; शाळेची पायरी त्या रीतसर चढल्या नव्हत्या. वडिलांचे टोकाचे सोवळे, नवऱ्याचे धर्मांतर, त्यानंतरची ताटातूट असे आयुष्य उलथवून टाकणारे प्रसंग त्या ज्या खेळकरपणे सांगतात, तो खेळकरपणा नेमका कोणत्या वाक्यात येतो हे शोधत वाचावे. माझ्या मते मराठी गद्य शिकण्यासाठी एकच पुस्तक निवडायचे झाले तर ते हेच आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो आणि लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या, त्यामुळे हे पुस्तक आता हक्कमुक्त आहे.

कथानक पसरत असेल, वर्णन भोंगळ होत असेल तर

पसरणाऱ्या कथानकावर विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) इतका चांगला उतारा मला ठाऊक नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली एक बोट, तीत निर्वासित ज्यू प्रवासी आणि मायदेशी परतणारा चक्रधर. कादंबरीचा जवळजवळ सगळा भार त्या बोटीवर आहे. आपले कथानक हाताबाहेर गेले की ते एका इमारतीत, एका रात्रीत किंवा एका प्रवासात कोंबून पाहावे. जे मावत नाही त्यातले बरेचसे अनावश्यक निघते.

वर्णनासाठी दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) घ्यावे, आणि तेही ज्या महिन्यात आपण आहोत त्याच महिन्याचे प्रकरण वाचावे. वर्षभर पुस्तक उशाशी राहते, आणि बाहेर जे चालले आहे ते आपल्याला का दिसले नाही हा प्रश्न दर महिन्याला नव्याने पडतो. ठाणे खाडीचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऐरोलीच्या बाजूने हे पक्षी पाहता येतात. तिथे उभे राहून एक पान लिहावे, मात्र ‘गुलाबी’, ‘नयनरम्य’ आणि ‘विहंगम’ हे शब्द वर्ज्य ठेवून. ओहोटीच्या वेळचा चिखलाचा वास, पक्ष्याची उलटी धरलेली चोच, मागचे विजेचे मनोरे असे काहीतरी आपोआप पानावर येऊ लागते.

लिहीत असताना काय वाचू नये

हा भाग बहुधा कुणी सांगत नाही. काही लेखकांची शैली संसर्गजन्य असते. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याचा सूर तेव्हापासून आजवर किती तरुणांच्या वह्यांत शिरला असेल याची गणती नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’बाबतही (१९७२) तेच: वाचून उठलेला माणूस प्रत्येक वाक्याला एक प्रतिमा जोडू लागतो. दोन्ही पुस्तके अवश्य वाचावीत, पण स्वतःचा मजकूर लिहून झाल्यावर, किंवा दोन लेखनांच्या मधल्या मोकळ्या काळात. कादंबरी लिहीत असताना कादंबरी सोडून कविता, चरित्रे, कोश, जिल्ह्याचे गॅझेटियर असे काही वाचणे अधिक सुरक्षित.

पुस्तके कुठून आणावीत आणि वेळ कुठून काढावा

विकत घेण्याआधी ग्रंथालयाचे सभासद व्हावे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे हे त्याचे एक संस्थापक. अशा जुन्या ग्रंथालयाचा मोठा लाभ म्हणजे छपाई थांबलेली पुस्तके आणि नियतकालिकांचे बांधीव अंक. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे जुने अंक कुठे चाळायला मिळाले तर संधी सोडू नये, नंतर मोठ्या ठरलेल्या लेखकांच्या कथा त्यांत अनोळखी नावांच्या शेजारी छापलेल्या दिसतात. ग्रंथालयाच्या प्रतीवर पेन्सिल चालवू नये. त्याऐवजी आवडलेले एखादे पान वहीत हाताने उतरवून काढावे. हे काम शाळकरी वाटते, पण वाक्य कुठे मोडले आहे, क्रियापद कधी आधी आले आहे, हे डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळते.

वेळेबद्दल फार आदर्शवादी होऊ नये. पहाटे चारला उठून लिहिण्याचा संकल्प नाइट शिफ्ट करणाऱ्याला किंवा मुलांचा डबा भरणाऱ्या आईला उपयोगाचा नाही. ठाणे ते वाशी हा ट्रान्सहार्बर लोकलचा प्रवास सुमारे अर्ध्या तासाचा आहे. एका कथेला तो पुरतो. जागा मिळाली तर वाचावे. उभे राहावे लागले तर मोबाइलवर केवळ संवाद किंवा एखादे निरीक्षण टिपावे, सलग गद्य लिहायला जाऊ नये, कारण तुटक लिहिलेले गद्य जोडताना दुप्पट वेळ जातो. सलग लेखनासाठी आठवड्यात एक मोठी बैठक हवी. दोन खोल्यांच्या घरात ती जमत नसेल तर ग्रंथालयातली वाचनखोली गाठावी. घरच्यांना मात्र वेळ स्पष्ट सांगून ठेवावी. लेखन हे काम आहे हे आपण सांगितल्याशिवाय घरात कुणी गृहीत धरत नाही.

पान पूर्ण झाल्यावर

पहिला खर्डा आठवडाभर बाजूला ठेवून, झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रत काढून, मोठ्याने वाचावा. जिथे श्वास अडतो तिथे खूण करावी. शुद्धलेखन शेवटी पाहावे, पण पाहावेच. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ साली त्यांत चार वाढले. अठरा नियम एका सुटीत वाचून होतात. शंका आली की अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ उघडावा. मजकूर यूनिकोडमध्येच टंकावा आणि छापण्याआधी मुद्रिते (प्रूफे) पाहण्याचा आग्रह धरावा, कारण छपाईसाठी दुसऱ्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात.

पहिल्या प्रकाशनासाठी दिवाळी अंक हा अजूनही चांगला मार्ग आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. कथा जून-जुलैपर्यंत पोचलेली बरी. गणपतीत पाठवली तर बहुतेक ठिकाणी पाने भरलेली असतात. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवावी, आणि कथा दुसरीकडे द्यायची झाल्यास आधी त्यांना कळवावे. मानधनाविषयी विचारण्यात गैर काही नाही, पण पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे एक-दोन अंक वाचलेले असावेत. विनोदी अंकाकडे दीर्घकथा पाठवणारे लेखक संपादकांच्या चांगले लक्षात राहतात, वेगळ्या अर्थाने.

पुस्तकापर्यंत गोष्ट आली तर तोंडी बोलण्यावर विसंबू नये. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. तरीही मुदत, आवृत्तीतील प्रतींची संख्या, मानधनाचा दर आणि हिशेब देण्याचा महिना हे सारे कागदावर असावे. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क छापील पुस्तकाच्या एकाच ओळीत गुंडाळलेले असतील तर ते वेगळे मांडून मागावेत, आणि कराराची दोघांच्या सह्यांची प्रत घरी आल्यावरच मूळ संहिता प्रकाशकाच्या हवाली करावी.