वळवलेली साखळी म्हणजे नवा आयसोमर नव्हे

क्रियात्मक गट, सरळ साखळी, फांदीची साखळी हे दहावीत झालेलं असतं. ते पुन्हा सांगत नाही. आयसोमर म्हणजे रेणुसूत्र तेच, पण अणूंची जोडणी वेगळी. बारावीत आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला मार्क जातात ते आयसोमर काढताना एकच रेणू दोनदा मोजल्यामुळे.

पेंटेन घ्या. पाच कार्बन एका ओळीत काढले, मग शेवटचा खाली वळवून काढला आणि दुसरा आयसोमर म्हणून लिहिला. झालं, मार्क गेला. टोकाच्या कार्बनवर पेन ठेवा आणि न उचलता जाता येईल तितकं लांब जा. पाचही कार्बन एका दमात लागले ना? मग तो साधा पेंटेनच, कागदावर कसाही वाकडा दिसो. एकेरी बंध फिरतो, म्हणून वळणाला किंमत नाही. कोण कुणाला जोडलंय एवढंच बघायचं. चार कार्बनच्या साखळीत मिथिल (एका कार्बनचा गट) दुसऱ्यावर लावा नाहीतर तिसऱ्यावर, उलट्या टोकाकडून मोजलं की दोन्ही २-मिथिलब्युटेन. आणि उत्तरात '२-इथिलप्रोपेन' आलं तर सर्वांत लांब साखळी चुकली आहे, तेही २-मिथिलब्युटेनच. पेंटेनचे ३, हेक्झेनचे ५, हेप्टेनचे ९. हेक्झेनचे सात सापडले तर दोन खोडायचे आहेत.

प्रत्येक आकृतीखाली पूर्ण नाव लिहा. कंटाळा येतो, पण नाव जुळलं की डबल मोजणी लगेच पकडली जाते. तरी डोळ्यांपुढे येत नसेल तर रात्री हरभरे भिजत घाला, सकाळी पुसून टूथपिकनं जोडा. जास्त भिजले तर काडी निसटते. साखळी हातात फिरवून बघितली की हा गोंधळ सहसा परत होत नाही, घाबरू नका.

आता ४ कार्बन, १० हायड्रोजन, १ ऑक्सिजन. आकृती काढायच्या आधी हिशेब करा: कार्बनची दुप्पट अधिक दोन, वजा हायड्रोजन, भागिले दोन. इथे शून्य येतं. म्हणजे दुहेरी बंध नाही, वलय नाही. अल्डिहाइड-कीटोनमध्ये दुहेरी बंध असतोच, त्यांचा विचारच सोडा. उरले अल्कोहोल आणि ईथर. अल्कोहोल ४: सरळ साखळीचे दोन, फांदीचे दोन. ईथरमध्ये ऑक्सिजनच्या दोन बाजूंना कार्बन वाटायचे: २-२ चा एक, १-३ चे दोन, कारण तीन कार्बनचा गट प्रोपिल किंवा आयसोप्रोपिल असतो. हा आयसोप्रोपिलवाला हमखास राहतो. एकूण ७.

'सात पाठ करा' म्हणणाऱ्या ट्रिकवाल्यांचं ऐकू नका. पेपरात ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन आला, हायड्रोजन ११ झाले, की उत्तर ८. नायट्रोजनला तीन हात आहेत. पाठांतर तिथेच संपतं.

प्रॅक्टिकलला अल्कोहोल सोडियमबरोबर बुडबुडे देतं, ईथर देत नाही. पण परीक्षानळी ओली असेल तर ईथरमध्येही बुडबुडे दिसतील, ते पाण्याचे. नळी आणि नमुना दोन्ही कोरडे हवेत. सोडियमचा तुकडा मोहरीएवढाच, आणि उरलेला बेसिनमध्ये कधीच टाकायचा नाही.

क्रियात्मक गटाचा खरा चकवा मात्र आपल्या गुऱ्हाळात आहे. ऊस तोडून पडून राहिला, रस आंबट झाला, की त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मग गूळ नीट बसत नाही, मऊ राहतो; म्हणून काहिलीत चुन्याची निवळी घालतात. दोघांचं रेणुसूत्र एकच, पण ग्लुकोज अल्डिहाइड आणि फ्रुक्टोज कीटोन. मग टॉलेन्सनं, म्हणजे अल्डिहाइड असेल तर नळीत चांदीचा आरसा देणाऱ्या चाचणीनं, ओळखू असं वाटतं. फसाल. चांदीचा आरसा दोघांतही येतो, कारण टॉलेन्सच्या अल्कलीत फ्रुक्टोजचं काही अंशी ग्लुकोज होतं. ब्रोमीनचं पाणी वापरा. ते अल्कधर्मी नसतं, त्यामुळे हा बदल होत नाही: ग्लुकोजमध्ये त्याचा रंग हळूहळू उडतो, फ्रुक्टोजमध्ये तसाच राहतो.